लढणाऱ्या पेशींची रसद



कर्करोगाविषयी बोलणारा मनुष्य वैद्य असावा, अशी आपली अपेक्षा असणार आणि ती रास्तच आहे. मी वैद्य नव्हे. इतिहास हा माझ्या अभ्यासाचा विषय आणि सरकारी नोकरीतील माझी बरीच वर्षे धान्यपुरवठ्याच्या कामात गेली. परंतु अलीकडे कर्करोगाच्या संशोधनाने असे वळण घेतले आहे की, पुरवठ्याचे काम केलेल्या माणसाला त्यात आपल्याच व्यवसायाची गोष्ट ऐकू यावी.

गेल्या वर्षी माझ्या एका स्नेह्याला हा रोग झाला. कर्करोग साखरेवर जगतो, असे त्याला कोणी तरी सांगितले. त्याने साखर सोडली, मग भात सोडला, शेवटी फळेही वर्ज्य केली. महिन्याभरात त्याचे वजन इतके उतरले की, उपचाराची पुढील पाळी लांबणीवर टाकावी लागली. त्याची समजूत सर्वस्वी खोटी होती काय? नाही. ती अर्धी खरी होती, आणि अर्धे सत्यच अधिक घात करते.

त्यातला खरा भाग असा. १९२० नंतरच्या दशकात बर्लिन येथे ओटो वारबुर्ग ह्या शास्त्रज्ञाला आढळले की, कर्करोगाच्या गाठीतील पेशी ग्लुकोज ही शर्करा फार मोठ्या प्रमाणावर घेतात आणि प्राणवायू उपलब्ध असतानाही तिचे पूर्ण ज्वलन न करता लॅक्टिक आम्ल बनवितात. ग्लुकोजच्या एका रेणूपासून पूर्ण ज्वलनाने ऊर्जेची सुमारे ३० एकके मिळतात. ह्या अर्धवट मार्गाने अवघी २. मग ही उधळपट्टी कशासाठी? कारण झपाट्याने वाढणाऱ्या पेशीला केवळ ऊर्जा नको असते, नवी पेशी बांधण्याचे साहित्यही हवे असते.

आता दुसरी बाजू पाहू. आपल्या रक्तात टी-पेशी नावाचे रक्षक असतात. विश्रांतीत त्यांचा खर्च बेताचा असतो. पण शत्रूची ओळख पटली की त्या भराभर विभागू लागतात आणि गाठीच्या पेशींप्रमाणेच ग्लुकोजची मागणी करतात. म्हणजे शत्रू आणि सैनिक एकाच कोठाराकडे हात पसरतात! उपवासाने हा प्रश्न सुटत नाही. आपण जेवलो नाही तरी यकृत रक्तातील शर्करा टिकवून धरते आणि त्यासाठी स्नायूंचीही मोडतोड होते. झिजतो तो रोगी.

पानिपतची आठवण कोणा मराठी माणसाला नाही? १४ जानेवारी १७६१ रोजी आपले सैन्य रणात उतरले, त्याच्या कितीतरी आधीपासून त्याची रसद तुटली होती. शौर्याची वाण नव्हती. वाण होती ती अन्नाची. गाठीत शिरलेल्या टी-पेशीची अवस्था पुष्कळदा अशीच होते. तेथे ग्लुकोज अपुरे, प्राणवायू थोडा आणि सभोवती आम्ल साचलेले. २०१५ साली अमेरिकेतील दोन संशोधक गटांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की, अशा उपासमारीत टी-पेशी शत्रूला ओळखते, पण तिच्या प्रहारात जोर उरत नाही.

ह्याचा उपचाराशी संबंध काय? जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो ह्यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते टी-पेशींना आवरून धरणारे लगाम सैल करण्याच्या उपचाराबद्दल. त्या औषधांनी असाध्य वाटणारे काही रोगी वर्षानुवर्षे जगले आहेत. परंतु अनेकांना त्यांचा गुण येत नाही. त्याला कारणे अनेक आहेत, आणि त्यांतील एक हे की, लगाम सोडला तरी घोड्याला दाणावैरण हवीच.

तेव्हा शत्रूची रसद तोडावी, पण आपली चालू ठेवावी, हा आजचा प्रयत्न आहे. २०१९ साली बाल्टिमोर येथील शास्त्रज्ञांनी उंदरांत ग्लुटामीन ह्या दुसऱ्या अन्नद्रव्याचा वापर रोखला. गाठ क्षीण झाली. टी-पेशींनी मात्र पर्यायी इंधन शोधले आणि त्या अधिक जोमाने लढल्या. २०२१ साली नॅशव्हिल येथे आणखी एक गोष्ट उघडकीस आली. प्रयोगातील गाठींत सर्वाधिक ग्लुकोज घेणाऱ्या पेशी कर्करोगाच्या नव्हत्या. त्या शरीराच्याच संरक्षक दलातील, निराळ्या वर्गाच्या होत्या. कोठार रिकामे करणारा नेहमी शत्रूच असतो असे नाही, हे पुरवठ्याचे काम केलेल्या माणसाला कोणी वेगळे सांगावयास नको!

अपयशही सांगितले पाहिजे. ट्रिप्टोफॅन ह्या द्रव्याचा गाठीत होणारा नाश थांबविणारे एक औषध लगाम सोडणाऱ्या औषधाच्या जोडीला देऊन त्वचेच्या एका कर्करोगावर मोठी चाचणी झाली. २०१८ साली निष्कर्ष आला : अधिक लाभ नाही. उंदराकडून माणसाकडे येणारी वाट लांब आहे.

तरी आशेला आधार आहे. रोग्याच्या टी-पेशी बाहेर काढून, त्यांना शत्रूची ओळख शिकवून परत सोडण्याचा जो उपचार आहे, त्याच्या भारतीय स्वरूपाला २०२३ साली मान्यता मिळाली. तो मुंबईची आयआयटी आणि टाटा रुग्णालय ह्यांच्या सहकार्यातून सिद्ध झाला. तो रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे. घट्ट गाठींवर अशा पेशींची मात्रा अजून फारशी चालत नाही. पण पेशी बाहेर वाढवावयाच्या, म्हणजे काही दिवस त्यांची शिदोरी आपल्याच हाती असते. कोणत्या पोषणावर वाढविलेली पेशी शरीरात अधिक काळ टिकते, ह्याचा शोध अनेक प्रयोगशाळांत चालू आहे.

माझ्या स्नेह्याच्या ताटात डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा भात आला. पुढे काय होईल, हे मी सांगू शकत नाही. पण परवा तो मला म्हणाला, ‘‘मी शत्रूला उपाशी मारावयास निघालो होतो, आणि माझ्याच माणसांचे दाणे बंद केले.’’ आहाराचा निर्णय ऐकीव गोष्टीवर नव्हे, उपचार करणाऱ्या वैद्याच्या विचाराने करावा, एवढे त्याच्या अनुभवातून आपण घेतले तरी पुष्कळ झाले.