गिब रिव्हर रोडवरची घळ

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली भागात डर्बीजवळून निघणारा गिब रिव्हर रोड सुमारे 660 किलोमीटरचा. मुळात गुरांच्या वाहतुकीसाठी काढलेला, बराचसा कच्चा. या रस्त्यापासून थोडी आत असलेली विंजाना घळ मला सर्वांत विलक्षण वाटते. बुनुबा लोकांच्या भूमीत लेनर्ड नदीने ती चुनखडीत कोरली आहे. हे उभे कडे म्हणजे 35 कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या समुद्रातली प्रवाळभित्ती! निरखून पाहिलं, तर दगडात प्राचीन शंखांचे अवशेष दिसतात. खाली डोहाकाठी निमुळत्या तोंडाच्या, गोड्या पाण्यातल्या मगरी ऊन खात पडलेल्या असतात. त्यांच्यापासून लांबच राहावं. तंबू ठोकायचा तो मे ते सप्टेंबरच्या कोरड्या दिवसांतच. पावसाळ्यात नद्यांना पूर येतो आणि रस्ता बंद होतो. निघताना जादा स्टेपनी आणि भरपूर पाणी बरोबर घ्याच.