खांदेमळणी



उद्या पोळा म्हटलं, की आदल्या दिवशी संध्याकाळी शेतकरी काय करतो? खांदेमळणी. कुठं तिला खांदशेकणी म्हणतात. बैलाला धुतो आणि हळद-लोणी घेऊन त्याचा खांदा चोळतो. आता बघा हं, बैलाचं अंग केवढं मोठं! पाठ आहे, पाय आहेत, शिंगं आहेत. पण लोणी लावायचं कुठं? वर्षभर जिथं जू बसलं, तिथं. घट्टा जिथं पडला, तिथं धन्याचा हात गेला पाहिजे. शिंगांना बेगड अन् अंगावर झूल, हे दुसऱ्या दिवशी. ते गाव बघतं. खांदा मळायचा तो आदल्या दिवशी, गोठ्यात. तिथं बघायला फक्त बैल आणि धनी.

आता माणसाकडं या. तुमच्या हाताखाली चार माणसं असतील, दुकानात, कचेरीत, कारखान्यात. दिवाळीला सगळ्यांना मिठाईचा एकसारखा पुडा दिला आणि म्हणालात, “सर्वांनी छान काम केलं.” वाईट नाही हो! पण ही झूल झाली. झुलीखाली खांदा दुखतोच.

खांदा मळणं म्हणजे काय? हिशेबनिसाजवळ जाऊन म्हणायचं, “मार्चअखेरीला तुम्ही रात्री उशिरापर्यंत बसलात, बारा रुपयांचा फरक शोधलात, म्हणून आपला ताळेबंद जुळला.” जिना झाडणाऱ्या बाईंना नावानं हाक मारून म्हणायचं, “पावसाळ्यात पायरी रोज कोरडी ठेवलीत, एक माणूस घसरला नाही.” यात पैसा लागत नाही, पण एक गोष्ट लागते. आधी बघावं लागतं! ज्यानं बघितलंच नाही, त्याला घट्टा कुठं पडला ते कसं कळणार?

आणि हेही ऐका. वर्षभर कडबा दिला नाही अन् पोळ्याला पुरणपोळी चारली, तर बैल उभा राहील का? पगार वेळेवर, रजा हक्काची. मग गोड शब्द. शब्द पगाराच्या जागी ठेवला, की ती थट्टा होते.

चोखोबांची कथा तुम्हाला माहीत आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं होतं. भिंत कोसळली, मजूर खाली गाडले गेले, त्यांत चोखोबा. परंपरा सांगते, नामदेवराय अस्थी शोधायला गेले. ढिगाऱ्यात ओळखायचं कसं? ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं, ती चोखोबांची. ती आणून महाद्वारी समाधी बांधली. जिवंतपणी ज्यांना देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्यांच्या समाधीपुढं आज वारकरी डोकं टेकवतो. देवळाचं दार त्यांच्या लोकांना उघडायला 1947 साल उजाडलं. साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं.

पण मायबाप, त्या भिंतीखाली बाकीचेही मजूर होते. त्यांची नावं सांगा बरं! कुणाला ठाऊक नाहीत. चोखोबांना ओळखणारा नामदेव होता, म्हणून हाडंसुद्धा ओळखू आली. बाकीच्यांना ओळखणारं कोणी आलं नाही.

म्हणून हाडं बोलेपर्यंत थांबू नका. माणूस समोर आहे, खांद्यावर जू आहे, तोवरच हात ठेवा. निरोपसमारंभाच्या हाराची वाट बघू नका. उद्या कामावर गेलात, की एकाच माणसाकडं नीट बघा. त्याचा घट्टा कुठं आहे, ते शोधा. आणि त्याला एकट्याला गाठून तेवढंच सांगा.

बोला, पुंडलिक वरदे हारी विठ्ठल!