रोगाचा अंक

वर्गीकरणाची विद्या लखनौला नवी नाही, आणि तिच्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. 1926 साली येथे संगीताचे विद्यालय निघाले ते पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने. असंख्य राग दहा थाटांत बसविण्याची त्यांची पद्धती पुढे उत्तर हिंदुस्थानभर शिकविली गेली. ललित मारवा थाटातला की पूर्वी थाटातला, असे वाद जाणते अजून घालतात. खुशाल घालोत! कोणत्याही थाटात घातला म्हणून ललित बेसूर होत नाही. आज ज्या वर्गीकरणाविषयी बोलावयाचे आहे, त्यात मात्र भलत्या घरात पडलेल्या नोंदीची किंमत जित्याजागत्या माणसांना मोजावी लागते.

रोगांना अंक देण्याची आजची जागतिक पद्धती फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियों याने 1893 मध्ये मांडलेल्या मृत्युकारणांच्या यादीतून वाढत आली. 1948 पासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे. तिची अकरावी आवृत्ती 1 जानेवारी 2022 पासून अमलात आली असली, तरी आपल्या इस्पितळांच्या तोंडी दहावीचे अंक बसलेले असल्याने मी तेच वापरतो.

मेंदूभोवती तीन आवरणे असतात. कवटीला लागून असलेले जाड, चिवट ते दृढतानिका. तिच्या आत कोळिष्टकासारखी नाजूक जालतानिका. आणि मेंदूला अगदी चिकटलेली मृदुतानिका. रक्त दृढतानिकेच्या बाहेर साठले, तिच्या आत साठले, की जालतानिकेखालच्या पाण्यात मिसळले, यावरून रक्तस्रावाचे तीन प्रकार होतात. येथवर काम सोपे आहे, कारण हे सीटी स्कॅनमध्ये दिसते. खरी अडचण पुढची. जालतानिकेखालील रक्तस्राव रोगाने झाला असेल तर त्याचा अंक आय-60. डोक्याला मार बसून झाला असेल तर एस-06.6. दृढतानिकेखालचा आपोआप झालेला तो आय-62.0, आणि जखमेमुळे झालेला एस-06.5. जागा तीच, रक्त तेच. घरे मात्र अगदी निराळी. एक रक्तवाहिन्यांच्या रोगांच्या प्रकरणात, दुसरे जखमांच्या प्रकरणात. शिवाय जखमेच्या अंकाबरोबर ती कशाने झाली, वाहनाने, पडल्याने की मारहाणीने, याचाही स्वतंत्र अंक द्यावा लागतो.

रस्त्यावरील अपघातांत सर्वाधिक माणसे मरतात त्या राज्यांत उत्तर प्रदेशाचा क्रमांक वरचा आहे. 2022 साली येथे साडेबावीस हजारांहून अधिक माणसे अशी गेली. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाच्या ट्रॉमा सेंटरसारख्या ठिकाणी आसपासच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात. मोटारसायकलवरून पडलेला एखादा शेतकरी रात्री बेशुद्ध स्थितीत येतो. बरोबरचा भाऊ म्हणतो, “दिमाग़ की नस फट गई.” आता हा पडला म्हणून रक्तस्राव झाला, की चालता चालता मेंदूतील धमनीचा फुगा फुटला, शुद्ध हरपली आणि म्हणून हा पडला? स्कॅनमधून काही सूचना मिळते. फुगा फुटला असेल तर रक्त बहुधा मेंदूच्या तळाशी, मोठ्या धमन्यांच्या आसपास दाटते. माराचे रक्त बहुधा वरच्या पृष्ठभागावरील घड्यांत पसरते. संशय राहिला तर धमन्यांचे चित्रण करतात, आणि त्यात फुगा नेमका कोठे आहे ते सापडले की अंकही नेमका होतो. उदाहरणार्थ, पुढच्या जोडधमनीवरचा फुगा असेल तर आय-60.2. परंतु पहिल्या रात्री घाईने घातलेला ‘अनिर्दिष्ट’ असा आय-60.9 बदलण्याची आठवण मागाहून कोणाला राहिली तर!

वृद्धांची गोष्ट याहून फसवी. आजोबा महिन्यापूर्वी न्हाणीघरात घसरले, डोके किंचित आपटले, टेंगूळही आले नाही. पुढे कित्येक आठवड्यांनी बोलणे अडखळू लागते, पाय ओढला जातो. घरची माणसे त्याला म्हातारपण समजतात, आजोबा स्वतः ते पडणे विसरलेले असतात, आणि कागदावर नुसते ‘सबड्यूरल’ एवढेच उमटते. जखमेचा उल्लेख नसला म्हणजे अशी नोंद बहुधा रोगांच्या बाजूला जाऊन पडते. पडणाऱ्या वृद्धांची गणना तेवढी कमी होते, आणि न्हाणीघरात धरावयाला एक दांडा हवा, हे कोणाच्याच ध्यानात येत नाही.

नुसत्या अंकाने कोणाला पैसे मिळतात असे नव्हे. पण ज्या शब्दांवरून अंक ठरतो, तेच शब्द पुढे विम्याच्या कचेरीत वाचले जातात. 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत दोन लाख रुपये मिळतात ते अपघाती मृत्यूला. रोगाने आलेल्या मृत्यूला नव्हे. त्या शेतकऱ्याच्या विधवेच्या हाती ‘ब्रेन हॅमरेज’ एवढाच शेरा पडला, तर अपघात कोणत्या कागदावरून सिद्ध करावयाचा? उलट, फुगा फुटून मेलेल्याला अपघाती ठरविणे हीही दयाबुद्धी नव्हे. आपल्या मेंदूची तपासणी करून घ्यावी का, हे विचारण्याची संधी मग त्याच्या भावंडांना मिळत नाही, आणि असे फुगे काही घराण्यांत अधिक आढळतात.

इस्पितळाच्या नोंद विभागात बसून हे अंक घालणारा कर्मचारी सामान्यतः रुग्णाला पाहतही नाही. त्याच्यापुढे असते ती फाईल. त्याने तर्काने अंक घालू नये, हा या कामाचा पहिला नियम. शंका आली तर फाईल डॉक्टरांकडे परत पाठवावी. माझ्या मते हा नियम शिकविण्यापेक्षा तो पाळू देणे अवघड आहे. परत आलेल्या फाईलला कपाळाला आठ्या न घालता उत्तर देणारे डॉक्टर विरळा.

मृत्यूच्या दाखल्याचेही तेच. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने कारण प्रमाणित करण्याची तरतूद केली. तरी 2020 साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले सुमारे साडेबावीस टक्केच होते. त्या दाखल्यावर पहिल्या ओळीत तात्कालिक कारण आणि खालच्या ओळींत त्यामागची कारणे मागितलेली असतात. वर ‘मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव’, खाली ‘डोक्यास जखम’, त्याखाली ‘मोटारसायकलवरून घसरून पडणे’: तीन ओळी, लिहावयास एक मिनिट. पण त्या तिसऱ्या ओळीसाठी रात्रपाळीच्या डॉक्टराला बाहेरच्या बाकावर बसलेल्या भावाजवळ जाऊन विचारावे लागते, “पहले गिरे थे, या पहले बेहोश हुए?”