परदेशीं जाणारा कागद



शिक्षकाच्या हातून आयुष्यांत शेकडों दाखले लिहिले जातात. आतां जुने विद्यार्थी ते घेऊन येतात आणि विचारतात, "गुरुजी, हा परदेशीं चालेल काय?" या प्रश्नाचें उत्तर ‘अपोस्टील’ या फ्रेंच शब्दांत आहे.

पूर्वीं एका देशाचा कागद दुसऱ्या देशांत मान्य व्हावयाचा, तर वकिलातीचे उंबरठे झिजवावे लागत. ही यातायात टळावी म्हणून ५ ऑक्टोबर १९६१ रोजीं हेग येथें करार झाला. भारतांत तो १४ जुलै २००५ पासून अंमलांत आहे. करारांतील देशांपुरतें एकच प्रमाणपत्र पुरतें; तें आपल्याकडे परराष्ट्र मंत्रालय देतें.

यास पात्र कागदांचे चार वर्ग आहेत. न्यायालयाचे कागद हा पहिला. जन्म, मृत्यु, विवाह यांचे सरकारी दाखले दुसऱ्यांत येतात. नोटरीनें केलेले लेख तिसरा वर्ग होय. आणि खाजगी सहीच्या कागदावर अधिकाऱ्यानें केलेलें प्रमाणन हा चौथा. पित्याचें साधें संमतिपत्र म्हणूनच तसेंच चालत नाहीं. त्यावर आधीं नोटरीची साक्ष हवी. शाळेच्या व विद्यापीठाच्या प्रमाणपत्रांवरही प्रथम राज्याच्या नियुक्त अधिकाऱ्याची साक्ष घेण्याची रीत आहे. वकिलातींनीं केलेले कागद आणि व्यापार वा जकात यांच्या व्यवहाराशीं थेट निगडित सरकारी कागद मात्र करारानें वगळले आहेत.

परंतु एक मर्म ध्यानीं ठेवावें. अपोस्टील सांगतें तें इतकेंच कीं, सही खरी, सही करणाराचा अधिकार खरा, मुद्रा खरी. कागदांतील मजकूर खरा आहे, असें तें म्हणत नाहीं. दाखल्यांत ‘कुळकर्णी’ आणि पारपत्रांत ‘कुलकर्णी’ असेल, तर ती तफावत शिक्क्यासह परदेशीं जाईल, आणि मुलाचा प्रवेश तेथें अडेल. शिक्का चूक झांकीत नाहीं.

तसेंच सर्व देश या करारांत नाहींत. आणि जर्मनीसारख्या देशानें भारताच्या प्रवेशास आक्षेप नोंदविला होता. तेव्हां ज्या देशीं जावयाचें, तेथील वकिलातीस आधीं विचारावें.

शिक्क्यासाठीं धांवण्यापूर्वीं कागद एकदां शांतपणें वाचा, नांव-तारखा पारपत्राशीं ताडून पाहा, आणि दुरुस्ती असेल ती मूळ कार्यालयांतच करून घ्या. एवढी दक्षता घेतल्यास घरच्या मुलाचें एक वर्ष वांचेल.