रक्त आणि संगोपन



सोयरीक जुळविताना अथवा मूल दत्तक घेताना ‘खाण तशी माती’ ही म्हण हमखास काढली जाते. जणू रक्त कळले की पुढील पिढीचा हिशेब मिटला! कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी व त्यांच्या सहकाऱ्यांना मात्र उंदरांत निराळे चित्र दिसले.

उंदरांच्या काही माद्या पिल्लांना पुष्कळ चाटतात, काही बेताचेच. लेकीही बहुधा आईचाच कित्ता गिरवितात. मग हे रक्तातलेच म्हणावयाचे काय? संशोधकांनी जन्मानंतर लगेच पिल्लांची अदलाबदल केली. कमी चाटणाऱ्या मादीची लेक मायाळू मादीपाशी वाढली आणि पुढे स्वतःही मायाळू आई झाली. हा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला. २००४ साली आणखी एक गोष्ट उजेडात आली. पहिल्या आठवड्यातील त्या चाटण्याने पिल्लाच्या मेंदूत, ताण ओसरण्यास साहाय्य करणाऱ्या एका जनुकावरील रासायनिक खुणा बदलतात. जनुक तेच, कार्य निराळे. दत्तक बालकाचे कूळ धुंडाळणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.

अर्थात माणूस म्हणजे उंदीर नव्हे, आणि रक्ताचा वाटाही नाकारता येत नाही. परंतु आइसलँडमधील २०१८ च्या अभ्यासात, आईवडिलांची जी जनुके मुलांत उतरलीच नाहीत, त्यांचाही ठसा मुलांच्या शिक्षणावर आढळला. तो घराच्या वळणातूनच उमटला असणार. आणि उतरलेल्या जनुकांच्या प्रभावाच्या तुलनेत तो सुमारे ३० टक्के भरला.