काचेच्या पेटीतील नातवंडे
(मंडळाच्या कात्रप येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आयुष्यभर आम्ही शाळेत इतरांच्या मुलांना धडे दिले. उतारवयात आम्हांस धडा मिळाला तो अपुऱ्या दिवसांच्या दोन नातवंडांकडून. तोच आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे.

आमच्या सुनेस ३२व्या आठवड्यातच जुळे झाले. मुलगी १,४०० ग्रॅमची, मुलगा १,१०० ग्रॅमचा. दोघांनाही मुंबईच्या एका रुग्णालयात, नवजात अतिदक्षता विभागात काचेच्या पेटीत ठेवावे लागले. घरात कुजबुज सुरू झाली की, सातमासे जगते, अठमासे जगत नाही. आणि शिकलेसवरलेले म्हणविणारे आम्ही सुनेसमक्षच बोलून गेलो, "दोहोंतले एक तरी वाचो!" ती काहीच बोलली नाही. परंतु दुसऱ्या दिवशी ती दूध काढावयास बसली, तो थेंबही येईना.

तेथील परिचारिकेने आमचे अज्ञान दूर केले. गर्भात जितके दिवस अधिक भरतात, तितकी फुफ्फुसे बळावतात. सबब अठमाशाची ती समजूत निव्वळ भ्रम होय. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ सुमारे ३४व्या आठवड्यास बसतो. तोवर नळीवाटे पाजावे लागते, आणि त्यास आईच्या दुधासारखे औषध नाही. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी स्थापिली, ती अशाच बालकांसाठी. आमच्या नातवंडांसही दोन दिवस अनोळखी मातांनी दिलेले दूध मिळाले. त्या कोणत्या ज्ञातीच्या, हे ना कोणी सांगितले, ना आम्ही विचारले.

दुसरा उपाय आईबापांच्या छातीचा. कोलंबिया देशात बोगोटा येथे पेट्या अपुऱ्या पडत, म्हणून १९७८ साली डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी बालकास आईच्या उघड्या छातीशी बांधून ऊब देण्याचा परिपाठ घातला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली हे जन्मानंतर लगेच सुरू करून दिवसाचे ८ ते २४ तास करावे, अशी शिफारस केली. आमचे चिरंजीवही मुलास छातीशी धरून तासन्‌तास बसत. प्रथम आम्हांस ते विचित्र वाटले. पुढे आमची आम्हांसच लाज वाटली.

बाराव्या दिवशी परवानगी काढून आम्ही आत गेलो, सुनेची क्षमा मागितली आणि दोघांचीही नावे ठेविली. तोवर पेट्यांवर केवळ 'पहिले' व 'दुसरे' एवढेच लिहिलेले होते. त्यानंतर रोज सकाळच्या लोकलने बदलापुराहून तिचा डबा पोहोचविणे, हे आमचे काम झाले. ४४व्या दिवशी दोघेही घरी आली. आज ती शाळेत जातात.

बंधुभगिनींनो, एवढीच विनंती. असा प्रसंग आल्यास मातेस दोष देऊ नका, अशुभ बोलू नका; तिला बाळांपासून दूर न ठेवता तिच्या जेवणाची व विश्रांतीची काळजी वाहा. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या वा दोन किलोहून कमी वजनाच्या बालकाचे डोळे जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासून घ्या. विलंबाने दृष्टी जाऊ शकते. आणि नाव ठेवावयाचे ते दोघांचेही ठेवा.