रानातील हजेरी



वर्गात नाव पुकारताच मूल ‘हजर’ म्हणते. रानातील प्राणी असे उत्तर देत नाहीत. आपल्या बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातील नायगाव येथे १९९४ साली मोरांसाठी अभयारण्य घोषित झाले. पहाटे ओढ्याकाठी दिसलेला मोर दुपारी टेकडीवर पुन्हा मोजला गेला, तर संख्या फुगते. झुडुपात दडलेला सुटला, तर ती घटते. मग खरी संख्या कळावी कशी?

डेन्मार्कचे मत्स्यशास्त्रज्ञ पीटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माशांना खुणा करून पाण्यात सोडण्याची रीत वापरली. पुढे १९३० साली अमेरिकेचे लिंकन यांनी तेच तत्त्व रानबदकांना लावले. हे तत्त्व वर्गात चिंचोक्यांनी सहज शिकविता येते.

एका पिशवीत न मोजता पुष्कळ चिंचोके घ्यावेत. त्यांतील ४० काढून त्यांवर चुन्याची खूण करावी, ती वाळू द्यावी व ते परत टाकून पिशवी चांगली हलवावी. नंतर न पाहता ५० काढावेत. त्यांत खुणेचे १० निघाले, म्हणजे पाचातील एक खुणेचा. सबंध पिशवीतही हेच प्रमाण असणार; म्हणून एकूण चिंचोके सुमारे ४० × ५० ÷ १० = २००. पुन्हा केल्यास खुणेचे ८ येतील आणि उत्तर २५० होईल. हा अंदाज आहे, हे मुलांना येथेच उमगते. नमुना जितका मोठा, तितका हा चढउतार कमी.

मात्र तीन पथ्ये पाळावी लागतात : मध्यंतरी पिशवीत भर वा घट होऊ नये, खूण पुसू नये आणि प्रत्येकास हाती येण्याची संधी सारखी असावी. रानात ही पथ्ये कठीण असतात. एकदा पकडलेला प्राणी सावध होऊन पिंजरा टाळू लागला, तर खुणेचे कमी सापडतात आणि अंदाज उगाच वाढतो.

वाघाची खूण निसर्गानेच केलेली आहे. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. म्हणून २००६ पासून देशातील व्याघ्रगणनेत पाऊलठशांवरील जुनी भिस्त सोडून, रानात लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांतून हेच तत्त्व सुधारून वापरले जाते. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रातील वाघांचा अंदाज ४४४ आला.

ही दक्षता कशासाठी? राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात २००४ सालच्या गणनेच्या कागदांवर दहाहून अधिक वाघ होते. २००५ साली तेथे एकही उरला नसल्याचे उघड झाले. शिकाऱ्यांनी वाघ संपविले, आणि फुगविलेल्या आकड्याने ते झाकून ठेवले.

म्हणून प्रयोगाच्या शेवटी पिशवी ओतून चिंचोके प्रत्यक्ष मोजावेत. पण अंदाज चुकला तरी पाटीवरचा आकडा कोणास पुसू देऊ नये. वर्गात पिशवी ओतता येते, रान ओतता येत नाही. तेथे मोजणाऱ्याच्या सचोटीवाचून दुसरी पडताळणी क्वचितच असते, आणि ती सचोटी प्राथमिक शाळेतच रुजते.